कोणाला, कशासाठी, किती दिवस?

लहानपणी मुदतीच्या तापातून उठल्यावर घरात एक वाक्य ऐकू यायचं: ‘सोमवारी पथ्य सुटेल.’ त्या सोमवारची वाट पाहत मऊ भात आणि मुगाचं कढण गिळायचं. मग एके दिवशी ताटात भाकरी-पिठलं परत येई आणि आजार खरोखर संपला असं वाटे. पथ्य जसं धरलं जाई तसं सोडलंही जाई. बाळंतिणीचं पथ्य वेगळं, काविळीचं वेगळं, हाड मोडलेल्याचं वेगळं. शेजारच्या घरातलं पथ्य कोणी आपल्या घरी उचलून आणत नसे. ते कोणाचं आहे, कोणत्या दुखण्यासाठी आहे आणि कधी सुटणार आहे, हे त्या शब्दातच गृहीत होतं.

आता आपण ‘डाएटवर’ असतो. किटो, लो-कार्ब, ग्लुटेन-फ्री, इंटरमिटंट फास्टिंग, हाय-प्रोटीन हे शब्द लग्नाच्या पंगतीत आणि लोकलच्या डब्यात सहज कानावर पडतात. बीएमआय, एचबीएवनसी, इन्सुलिन रेझिस्टन्स, फॅटी लिव्हर ही तपासणीच्या कागदावरची नावं आता घरातल्या माणसांच्या नावांइतकी परिचयाची झाली आहेत. शास्त्राचे शब्द प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण येताना ते आपला पत्ता मागे ठेवून आले. कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे तिन्ही प्रश्न वाटेत गळून पडले आणि एकाचा उपाय सगळ्यांचा नियम झाला.

जुनं पथ्य सगळं बरोबर होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाळंतिणीला पाणी तोडणं आणि पालेभाजी बंद करणं यांनी अनेक बायकांचे हाल केले. पथ्याचा मजकूर पुष्कळदा चुकीचा होता, पण त्याचं व्याकरण बरोबर होतं. संस्कृतात पथ्य म्हणजे पथाला, वाटेला धरून असलेलं. वाट म्हटली की ती कोणाची आणि कुठे जाणारी हे विचारावंच लागतं. आज शास्त्राने मजकूर पुष्कळ सुधारून दिला आहे आणि व्याकरण मात्र आपण हरवून बसलो आहोत. आहारशास्त्राचा प्रत्येक शब्द कोणत्या तरी कामासाठी घडलेलं माप असतो. ते काम कोणतं हे कळल्याशिवाय ते माप स्वतःला लावू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

बीएमआयचंच घ्या. वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. या सूत्राचं मूळ अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाकडे जातं. १८३०च्या दशकात तो ‘सरासरी माणसा’चा शोध घेत होता. लठ्ठपणावर इलाज करणं हा त्याचा विषयच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी हजारो पुरुषांची मापं तपासून या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला हे सोपं साधन आहे, अशी त्यांची मांडणी होती. समूहासाठी घडलेलं ते साधन नंतर प्रत्येक माणसावर निकाल द्यायला बसलं.

त्या निकालातली चूक पुण्यातून दाखवली गेली, हे आपल्याला माहीत असायला हवं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचं मिळून एक छायाचित्र छापलं. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघेही एकसारखे सडपातळ. पण क्ष-किरणांच्या विशेष तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकच आकडा, आणि त्याच्या आड दोन वेगळी शरीरं. त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, तरी आतून चरबी राखून असलेलं असं हे बाळ. त्यातूनच ‘थिन-फॅट’ हा शब्दप्रयोग जगाच्या वैद्यकात रूढ झाला.

म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणि लठ्ठपणाची ३० वरून २५ वर आणावी लागली. ‘कोणाला?’ हा प्रश्न विचारल्याबरोबर माप बदललं. जो बारीक माणूस आरशात पाहून ‘मला काय होणार’ म्हणत होता, त्याच्यासाठी हा बदल जीव वाचवणारा ठरू शकतो.

आता चयापचय. हा शब्द मला फार आवडतो. चय म्हणजे रचलं जाणं, अपचय म्हणजे मोडलं जाणं. शरीरात अष्टौप्रहर चाललेली बांधणी आणि मोडणी या एका शब्दात मावते. पण कानाला त्यात ‘पचन’ ऐकू येतं आणि तिथेच घोटाळा होतो. पचन आतड्यात संपतं. अन्नाचे सुटे झालेले घटक रक्तात गेल्यावर त्यांचं काय करायचं, जाळायचं, साठवायचं की नवं काही घडवायचं, तो सगळा कारभार म्हणजे चयापचय. ज्याचं पोट रोज साफ होतं, ज्याला दगडही पचतो, त्याचाही चयापचय बिघडलेला असू शकतो.

बिघाड बहुधा असा सुरू होतो. जेवणानंतर रक्तात साखर आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. साखर आत घ्या, असा निरोप ते स्नायूंना आणि चरबीला पोचवतं आणि यकृताला नवी साखर बनवणं थांबवायला सांगतं. यकृतात आणि स्नायूंत चरबी साचू लागली की हा निरोप नीट जुमानला जात नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून तेच काम भागवून नेतं. अशी वर्षं निघून जातात. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो, कारण जास्तीच्या श्रमाने तो नॉर्मल ठेवलेला असतो. स्वादुपिंड थकतं तेव्हा साखर वाढते आणि आपण म्हणतो, ‘अचानक शुगर निघाली.’ अचानक काहीच झालेलं नसतं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात तो हाच प्रकार. अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हा धागा पकडून रक्तदाब, रक्तातली चरबी आणि साखर यांचे बिघाड एकत्र गुंफलेले असतात हे मांडलं. त्यातून पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ची व्याख्या घडत गेली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईची ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. पाचांपैकी तीन जुळल्या की सावध व्हायचं.

या पाचांतली पहिली गोष्ट शिंप्याच्या टेपने मोजता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत. मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. वजनाच्या काट्याला न दिसणारी माणसं टेपला दिसतात. मग घराघरात वजनकाटा आहे आणि टेप फक्त शिवणकामाच्या डब्यात का पडून राहावी?

दुसरा प्रश्न ‘कशासाठी’. ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना १९८१ मध्ये टोरँटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली, ती मधुमेह्यांना कर्बोदकं निवडायला मदत व्हावी म्हणून. उपाशीपोटी एकच पदार्थ द्यायचा, त्यातून ५० ग्रॅम कर्बोदकं जातील इतका. पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजायची आणि ग्लुकोजशी तुलना करायची. आता आपलं ताट पाहा. नुसता भात कोण खातं? भातावर वरण, वर तुपाची धार, शेजारी भाजी, कोशिंबीर, शेवटी ताक. त्या ताटाचा निर्देशांक भाताच्या आकड्यावरून निघत नाही. कलिंगडाचा निर्देशांक मोठा, पण एका फोडीत कर्बोदकं फार थोडी. उलट तळलेल्या बटाट्याचा आकडा उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी येऊ शकतो, कारण तेलामुळे जठर सावकाश रिकामं होतं. म्हणून वेफर्स प्रकृतीला बरे ठरतात का? साखर किती वेगाने चढते, एवढंच हे माप सांगतं. पदार्थ चांगला की वाईट, हे ठरवायला ते जन्मलेलंच नाही.

बाजाराला मात्र असा अर्धा शब्द फार उपयोगी पडतो. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचा पुडा घ्या. नियमानुसार १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसली की हे शब्द छापता येतात. पण बिस्किट मैद्याचं असतं आणि पोटात मैद्याचं ग्लुकोजच होतं. छापलेला शब्द खोटा नसतो. फसवणूक आपल्या समजुतीत घडते. याहून बोलकं उदाहरण ‘हेल्थ ड्रिंक’चं. एका पिढीने दुधात पावडर कालवून मुलांना ते पाजलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ई-व्यापाराच्या संकेतस्थळांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंकची व्याख्याच नाही. ज्या शब्दाला कायद्यात अर्थ नव्हता, त्याच्यासाठी आयांनी महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढले. याचा मला राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

किटो आहाराचा जन्म तर आणखी वेगळ्या गरजेतून झाला. उपाशी राहिल्यावर अपस्माराचे झटके कमी होतात असं दिसत होतं, पण कोणालाही कायम उपाशी ठेवता येत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर दिले तर शरीर उपासासारखंच चरबी जाळून ‘किटोन’ बनवेल. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या मुलांना आजही तो आहार दिला जातो, पण ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली. वजन कमी करायला मोठ्या माणसाने तो करूच नये असं नाही. पण मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या घेणाऱ्याने परस्पर किटो सुरू केलं, तर रक्तातली साखर फार न वाढताही रक्तातली आम्लता धोकादायक प्रमाणात वाढू शकते. हे त्याला कोणी सांगायचं? मोबाइलवर फिरणारी पाककृती सांगत नाही.

ग्लुटेन-फ्रीचीही तीच गोष्ट. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना बरीच वर्षं संशय होता की सिलिअ‍ॅक नावाच्या आजाराची मुलं गव्हामुळे खंगतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात युद्धामुळे पावाचा दुष्काळ पडला तेव्हा ही मुलं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा खालावली. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन टाळणं हे जन्माचं आणि कडक पथ्य आहे. पण नुसत्या शंकेने आधीच गहू सोडला आणि मग तपासणी केली, तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो, म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य हाच क्रम हवा. ज्यांना आजार नाही, त्यांनी महागडं ग्लुटेन-फ्री पीठ आणून काय साधायचं? आणि गहू टाळायचाच असेल, तर ज्वारी, बाजरी आणि नाचणीत ग्लुटेन कधी नव्हतंच. ज्वारीच्या एका भाकरीत ते काम होतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त वाद झाला तो जेवणाच्या वेळांवरून. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवायचं, ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. दुसऱ्या बाजूला दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, असं सांगणारे. या वादाने एक मोठं काम केलं: इन्सुलिन हा शब्द गावच्या पारावर पोचवला. वाद मात्र दोन पक्षांसारखा लढला गेला. दोन वेळांचं जेवण कोणाला लागू पडेल? पोट सुटलेल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला कदाचित पडेल. इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाचा डोस न बदलता जेवण गाळलं, तर साखर एकदम खाली येऊन तो भोवळ येऊन पडू शकतो. सांगणाऱ्याने घातलेले अपवाद निरोप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना गळतात. उरतो तो फक्त नियम. ‘ऑटोफॅजी’चं, म्हणजे पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते त्या क्रियेचंही, असंच झालं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते मुख्यतः यीस्टच्या पेशींवरच्या कामासाठी. ते काम थोर आहे, पण सोळा तास उपास केला की माणूस तरुण होतो, असा निष्कर्ष त्यात नाही. आपल्या जुन्या उपासातही हीच गफलत दिसते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. मधुमेह्याने खिचडीचं ताट पुढे घेऊन ‘आज माझा उपास’ म्हणणं हा श्रद्धेचा भाग असेल, चयापचयाचा नव्हे.

या शब्दांच्या गर्दीत ज्यांचं दुखणं झाकलं जातं, त्यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. एचबीएवनसी ही तपासणी लाल रक्तपेशींना चिकटलेली साखर मोजून तीन महिन्यांची सरासरी सांगते, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. पण लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल, तर हा आकडा खऱ्याहून जास्त येऊ शकतो. समजा, एका बाईचा रिपोर्ट ६.१ आला. घाबरून तिने भात सोडला, केळं सोडलं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू सोडला, रात्रीचं जेवणही अर्ध्यावर आणलं. तिच्या शरीराला लोह आणि प्रथिनं हवी होती. मिळाली ती उपासमार. आकडा तिचाच होता, पण तो कशाबद्दल बोलतोय हे तिला कोणी सांगितलं नाही. आधी रक्तक्षय बरा करून मग तपासणी पुन्हा केली असती, तर तिचं पथ्य कदाचित अगदी उलटं निघालं असतं.

नुसतं नाव बदलून ताट बदलत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. ज्वारी-बाजरीला आपण ‘भरड धान्य’ म्हणत आलो. त्या ‘भरड’मध्ये हिणकस असण्याचा वास आला आणि भाकरी गरिबाची, पोळी पाहुण्याची, असा क्रम लागला. २०१८ मध्ये सरकारने त्यांना पौष्टिक तृणधान्यं म्हटलं, २०२३ मध्ये ‘श्री अन्न’ म्हटलं आणि ते वर्ष जगभर त्यांचं म्हणून साजरं झालं. मान मिळाला याचा आनंद आहे. पण रेशनच्या दुकानात वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच मिळत राहिले, तर मजुराच्या घरची ज्वारी कुठून परतणार? ज्याच्या ताटात डाळच पातळ आहे, त्याला ‘प्रथिनं वाढवा’ हा सल्ला टोचतो. ‘प्रथिन’ या शब्दात मूळ ‘प्रोटीन’चा ध्वनी ऐकू येतो आणि ‘प्रथम’चाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही पहिलं स्थान असलेलं असाच आहे. खर्चाच्या यादीत मात्र गरिबाला ते शेवटी टाकावं लागतं. आहाराचा सल्ला देणाऱ्याने ‘कोणाला’ विचारताना त्या माणसाची मिळकतही विचारली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: एवढे शब्द कशाला, आजी खायची तसं खावं. आजीचा मी आदर करतो. पण तिचं ताट तिच्या श्रमांना जोडलेलं होतं. विहिरीचं पाणी, जातं, शेत हे सगळं वजा करून तिच्याइतकाच भात खाल्ला, तर ते आजीचं जेवण राहत नाही. शिवाय त्या घरात बायका शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या, हेही त्या जेवणात धरावं लागेल. दुसरा: हे तज्ज्ञांवर सोडा. तज्ज्ञ हवेतच. पण रोजच्या तीन वेळा धरल्या तर वर्षात हजाराहून जास्त जेवणं होतात आणि त्यांतल्या एकालाही डॉक्टर हजर नसतात. ताटासमोर निर्णय आपणच घेतो, म्हणून शब्दाचा अर्थ आपल्या हाती आणि आपल्या भाषेत हवा. प्रयोगशाळेने आकड्याखाली एक मराठी वाक्य छापावं: हे माप काय सांगतं आणि काय सांगत नाही. डॉक्टरांनी आहाराच्या कागदावर तारीख घालावी: हे पथ्य कधी पुन्हा पाहायचं. शाळेत कर्बोदकं आणि जीवनसत्त्वं पाठ करून घेताना मुलांच्या हातात पुड्यामागची चौकटही द्यावी.

कोणी म्हणेल, मधुमेहाचं पथ्य तर जन्माचं असतं. तिथे ‘किती दिवस’ कशाला विचारायचं? तिथेच ते सर्वांत जास्त विचारायला हवं. पंचेचाळिशीत बांधलेलं पथ्य ऐंशीत तसंच ठेवलं तर ते छळ होतं. म्हातारपणी स्नायू झिजतात, भूक मंदावते आणि साखर एकदम उतरून पडण्याची भीती वाढते. म्हणून थकलेल्या वृद्धांसाठी साखरेचं लक्ष्य डॉक्टर मुद्दाम सैल ठेवतात. पण घरातल्यांच्या कानात तीस वर्षांपूर्वीचा नियम बसलेला असतो. मे महिन्यात सगळे आमरस खात असतात आणि आजोबांच्या पुढे रिकामी वाटी. प्रेमापोटी चाललेला हा प्रकार मी कितीतरी घरांत पाहिला आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या एकाने तरी विचारावं, यांचं कोणतं पथ्य आता सोडता येईल? आणि डॉक्टर हो म्हणाले, तर घरी आल्यावर आजोबांना ते वाक्य ऐकवावं: सोमवारी पथ्य सुटेल.